पद्मिनीचे वय

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ताडदेवच्या आरटीओमध्ये एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. काळे अंग, पिवळे टप. त्यानंतर त्या जातीची दुसरी टॅक्सी या शहरात नोंदली गेली नाही. महाराष्ट्र सरकारने टॅक्सीच्या आयुष्याला घातलेली मर्यादा वीस वर्षांची असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर भाडे घेण्याचा पद्मिनीचा हक्क संपला. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून मृत्युलेखांसारखे लेख आले. जुन्या चित्रपटांची नावे निघाली, छायाचित्रे निघाली, टॅक्सीचालकांच्या संघटनेने निदान एक तरी पद्मिनी जतन करून ठेवावी अशी मागणी केली. या सगळ्या गहिवरात एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. ही गाडी नेमकी कशाने संपली? कायद्याने तिच्या इंजिनाकडे पाहिले नव्हते. त्याने कॅलेंडर पाहिले होते.

जुनी, पुष्कळ धावलेली गाडी किती काळ चालू शकते, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा वाटतो. पद्मिनीचा इतिहास पाहिला म्हणजे तो तसा राहत नाही.

आधी या गाडीचे कूळ पाहू. १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे जे इंजिन आपण मुंबईच्या टॅक्सीत अखेरपर्यंत ऐकले, त्याचा वंश फियाट कंपनीच्या १९३७ सालच्या 'बालिल्ला ११००' या गाडीपर्यंत मागे जातो. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९५३ साली, त्याच मापाचे इंजिन नव्या आटोपशीर सांगाड्यात बसवून फियाटने '११००' ही गाडी आणली. इटलीत ती लोकप्रिय झाली, तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, आणि १९६९ च्या सुमारास तिची जागा फियाट १२८ ने घेतली. म्हणजे मायदेशी तिचे उत्पादन सोळा-सतरा वर्षे टिकले. मोटारीच्या एका नमुन्याला तेवढे आयुष्य काही कमी म्हणता येणार नाही.

भारतात ती आणली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. सोलापूरचे हे उद्योजक जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्हींच्या मागे एकाच वेळी लागले होते. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळवल्या गेल्या. १९५० च्या दशकात फियाटशी संबंध जुळला. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' आली. १९७० च्या दशकाच्या आरंभी फियाटशी असलेला करार संपला, तेव्हा गाडी तीच राहिली आणि नाव बदलले: प्रथम 'प्रेसिडेंट', आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. मुंबईकर टॅक्सीवाल्याने मात्र हे नामांतर कधी मनावर घेतले नाही. त्याच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च होती.

इटलीत जी गाडी १९६९ मध्ये निवृत्त झाली ती कुर्ल्यात नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तयार होत राहिली. याचे श्रेय गाडीच्या गुणांना देण्याचा मोह होतो, तो आवरावा. परवाना-पद्धतीत कोणी किती गाड्या काढाव्यात हे सरकार ठरवीत असे, गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि जी वस्तू बनण्यापूर्वीच विकली गेलेली असते ती सुधारण्याची निकड कोणत्याच कारखानदाराला भासत नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि घरगुती गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळले. टॅक्सीवाला वळला नाही. त्याची कारणे वेगळी होती, आणि माझ्या मते पद्मिनीच्या दीर्घायुष्याचे रहस्य त्या कारणांत आहे.

ज्यांनी ही टॅक्सी पाहिली आहे त्यांना तिची अंतर्रचना आठवत असेल. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे पुढची आसने बाकासारखी सलग. मागे पाटे असलेले, भार सोसणारे स्प्रिंग. बॉनेट उघडले की आत हात घालायला ऐसपैस जागा. यातले जवळजवळ काहीही असे नव्हते की जे रस्त्याच्या कडेला, दोन पान्यांच्या आणि एका हातोड्याच्या साहाय्याने उघडता येणार नाही. आधुनिक मोटारीचे अनेक भाग बदलण्यासाठीच घडवलेले असतात; या पिढीच्या मोटारीचे भाग दुरुस्त करता येत असत. सिलिंडर झिजला की तो लेथवर नेऊन बोअर करायचा आणि मोठ्या मापाचे पिस्टन व रिंगा घालायच्या. क्रँकशाफ्ट झिजला की तो घासून घ्यायचा आणि मापाची बेअरिंगे बसवायची. हे दोन-तीनदा करता येते. नंतर धातूच उरत नाही. मग कुर्ल्याच्या भंगार बाजारात दुसऱ्या एखाद्या निकामी फियाटचे इंजिन मिळतेच. हजारो एकसारख्या गाड्या एका शहरात असल्या म्हणजे प्रत्येक मेलेली गाडी जिवंत गाड्यांचे कोठार बनते. एखादी विदेशी गाडी यंत्र म्हणून कितीही श्रेष्ठ असली तरी ती अशा शहरात एकटी पडते आणि एका रबरी नळीपायी महिनाभर उभी राहते.

शिवाय टॅक्सीच्या इंजिनाला एक अनपेक्षित सुख असते. इंजिनाची पुष्कळशी झीज ते थंड असताना, सुरू करण्याच्या वेळी होते. तेल अजून सर्वत्र पोहोचलेले नसते, धातू आपल्या मापावर आलेला नसतो. बँकेतल्या साहेबाची गाडी सकाळी थंड निघते, चार किलोमीटर जाऊन थांबते, संध्याकाळी पुन्हा थंड निघते. दिवसपाळीचा चालक रातपाळीच्या चालकाच्या हाती जी टॅक्सी देतो, ती थंड होतच नाही. म्हणून दोन लाख किलोमीटर धावलेल्या टॅक्सीचे इंजिन साठ हजार धावलेल्या खासगी गाडीपेक्षा धडधाकट असू शकते. हे विधान ऐकून माझे एक स्नेही हसले होते. ते बिचारे आपली गाडी आठवड्यातून एकदा, देवदर्शनापुरती बाहेर काढीत, आणि ती दर वर्षी गॅरेजात का जाते याचे नवल करीत.

टॅक्सीचा नाश होतो तो अन्यत्र: दाराच्या बिजागरीत, आसनाच्या स्प्रिंगांत, आणि सर्वांत अधिक पत्र्यात. फियाट ११०० ला स्वतंत्र चासी नव्हती. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हा पत्रा खालून खातो. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. तळ सडला म्हणजे डेंटर त्यावर नवा पत्रा जोडतो, पुढच्या पावसाळ्यात त्या जोडाच्या कडेने गंज पुन्हा वाट काढतो. जुन्या टॅक्सीत बसल्यावर पायांखालून रस्ता दिसत असल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. त्यांतल्या सगळ्याच काही विनोदी नव्हत्या.

आता जगातली सर्वांत अधिक धावलेली वाहने पाहिली तर हाच न्याय वेगळ्या परिस्थितीत दिसतो. अमेरिकेतील शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्वो कंपनीची एक पी-१८०० गाडी विकत घेतली आणि २०१३ साली तिच्यावर तीस लाख मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर, पूर्ण केले. लांब पल्ल्याचा महामार्ग, ठरल्या वेळी तेलबदल, आणि मालक-चालक एकच. ग्रीसमधील टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांची १९७६ ची मर्सिडीज २४० डी ही २००४ साली सेहेचाळीस लाख किलोमीटर धावून निवृत्त झाली. कंपनीने ती आपल्या संग्रहालयात नेली. त्या गाडीत इंजिने आलटून-पालटून बसवली जात असत. हे वाचल्यावर मनात येते की धावली ती कोणती गाडी? ग्रीकांनीच हा प्रश्न फार पूर्वी थीसियसच्या जहाजाविषयी विचारून ठेवला आहे: एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच राहते काय? तत्त्वज्ञांनी त्यावर दोन सहस्रके घालवली. मोटार वाहन खात्याने तो एका ओळीत सोडवला. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक म्हणजे गाडी. बाकीचे सारे उपचार. इंजिन बदला, नोंदणीपुस्तकात तशी नोंद करा, गाडी तीच.

या दोन विक्रमवीरांत आणि मुंबईच्या टॅक्सीत एक मोठा फरक आहे, तो हिशेबाचा. गॉर्डन यांनी पावत्या जपल्या म्हणून जग त्यांचा आकडा मानते. पद्मिनी किती धावली हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांच्या अंतरमापकावर पाचच अंक असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. शिवाय मापकाची केबल तुटली तर ती जोडण्याची घाई कोणाला असे? भाड्याचा मीटर वेगळा होता, आणि पोट त्याच्यावर होते. (त्या यांत्रिक मीटरचीही एक गंमत. भाडेवाढ झाली तरी मीटर तेच, म्हणून प्रत्यक्ष भाडे तक्त्यात पाहावे लागे. यंत्र एका काळात थांबले होते आणि रुपया पुढे निघून गेला होता. २०१२-१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि तो तक्ता गेला.) तेव्हा वीस वर्षे दोन पाळ्यांत चाललेल्या टॅक्सीने दहा लाख किलोमीटर कापले असतील, असे नुसते अनुमान करता येते. पुरावा नाही.

कायद्याने किलोमीटर सोडून वर्षे का धरली, याचे उत्तर या पुराव्याच्या अभावात मिळते. किलोमीटर खोटे सांगता येतात; नोंदणीची तारीख नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनांची वयोमर्यादा ठरवण्याची तरतूद आहे, आणि भाड्याच्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्रही लागते. टॅक्सीवाल्यांच्या भाषेत हे 'पासिंग'. जुन्या टॅक्सीला दर वर्षी ब्रेक, दिवे, धूर, रंग दाखवायला जावे लागे. मग प्रश्न असा पडतो की दर वर्षी तपासणी होतच असेल तर वयाची अट हवी कशाला? जी गाडी परीक्षेत उत्तीर्ण होते तिला वयामुळे अनुत्तीर्ण का करायचे? या प्रश्नाला एक प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते शासनाने कधी मोकळेपणाने दिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या तपासणीवर खुद्द शासनाचाच विश्वास नव्हता. पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर उसने घेणारे मालक होते, आणि ते दिसत असूनही न पाहणारे डोळेही होते.

पण पद्मिनीला वयाचा फास प्रथम बसला तो सुरक्षिततेच्या कारणाने नाही, हवेच्या कारणाने. १९७३ नंतर पेट्रोल महागले, डिझेल सरकारी धोरणाने स्वस्त राहिले, तेव्हा अनेक मालकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवून घेतले. कंपनीनेही १९९० च्या दशकात डिझेलची पद्मिनी काढली. इटालियन हृदयाच्या जागी खडखडणारे डिझेल इंजिन आले आणि टॅक्सीच्या मागे काळा धूर लागला. दमा असलेल्या माणसाने १९९० च्या दशकात सायंकाळी दादरच्या पुलावरून चालत जाणे म्हणजे काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी पद्मिनीविषयीच्या स्मरणरंजनात थोडे सावध असावे. १९९९ साली धूरग्रस्त रहिवाशांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने व्ही. एम. लाल समिती नेमली, आणि २००१ च्या आदेशाने जुन्या टॅक्सींसमोर दोनच वाटा उरल्या: स्वच्छ इंधन घ्या, नाहीतर रस्ता सोडा.

टॅक्सीवाल्यांनी इंधन बदलले. त्याच सांगाड्यात आता सीएनजी आला. डिकीत गॅसची टाकी बसली आणि प्रवाशांच्या पेट्या टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. जुन्या इंजिनाला हा पालट सोसायला सोपा नव्हता. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे; ते आरोग्याला घातक, पण इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना मात्र वंगणासारखे उपयोगी पडे. २००० च्या फेब्रुवारीत देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, पाठोपाठ हा कोरडा वायू, आणि जुन्या बैठका झिजू लागल्या. मिस्त्रींनी त्यावरही उपाय केला, कठीण धातूच्या बैठका ठोकून बसवल्या. शहराची हवा सुधारावी म्हणून जो खर्च झाला त्याचा मोठा वाटा अशा रीतीने टॅक्सीच्या मालकाने, आणि त्याच्यामार्फत रोजाने गाडी घेणाऱ्या चालकाने उचलला. धूर सर्वांचा होता. बिल त्याचे एकट्याचे.

एवढे करूनही वय आडवे आले. राज्य सरकारने २००८ मध्ये टॅक्सीला पंचवीस वर्षांची मर्यादा घातली आणि २०१३ मध्ये ती वीसवर आणली. त्या वर्षी हजारो पद्मिनी एकदम बाद झाल्या. खरे म्हणजे पद्मिनीचा अंत तेव्हाच झाला. २०२३ हे केवळ उत्तरकार्य होते. उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले होते, शेवटची टॅक्सी २००३ ची, तेव्हा वीस मिळवून अंतिम वर्ष कोणालाही आधीच काढता आले असते. मधल्या काळात भंगार बाजारातले कोठारही आटत गेले. ज्या वेळी पद्मिनी झुंडीने बाद होत होत्या त्या वेळी सुटे भाग मुबलक होते, पण ते लावायला गाड्या कमी. नंतर दोन्ही कमी. शेवटची काही वर्षे ज्या मूठभर टॅक्सी उरल्या होत्या, त्यांच्या मालकांचा खर्च कमाईला भारी पडू लागला असणार. कळपात राहणाऱ्या प्राण्यासारखी ही गाडी होती. एकटीने जगणे तिला जमणारे नव्हते.

वयाचा आकडा किती कृत्रिम असतो हे इतर शहरांकडे पाहिले म्हणजे कळते. कोलकात्यात भाड्याच्या वाहनांना पंधरा वर्षांची मर्यादा उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने लागू झाली आणि तिथल्या पिवळ्या अँबॅसिडर त्याच कात्रीत सापडल्या. त्या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. दिल्लीत हरित लवादाने डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षे ठरवली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने जुन्या गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको असे सांगितले. एकच देश, एकाच प्रतीचे लोखंड, आणि वये दहा, पंधरा, वीस, पंचवीस. क्यूबात १९५९ पूर्वीच्या अमेरिकन गाड्या एकविसाव्या शतकातही प्रवासी वाहत राहिल्या, कारण नवी गाडी मिळतच नव्हती. गाडीचे आयुष्य दुरुस्तीच्या मजुरीवर, नव्या गाडीच्या किमतीवर आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांना आपण किती मोल देतो यावर ठरते. धातूचा क्रमांक त्यानंतर लागतो.

वयाची अट मुळातच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. धुराचे मोजमाप विश्वासार्ह नसेल तर तारीख हे ओबडधोबड का होईना, पण निःपक्षपाती माप आहे. आक्षेप आहे तो ते कोणाला लागू केले यावर. खासगी मोटारीला कायदा पंधरा वर्षांची नोंदणी देतो आणि पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून देतो. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांत बाद झाली. त्याच कारखान्यातून त्याच आठवड्यात बाहेर पडलेली पांढरी, खासगी पद्मिनी पुण्याच्या एखाद्या बंगल्यात कायदेशीरपणे उभी राहू शकते. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते, एवढाच काय तो फरक.

२०२१ साली केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला त्यांत वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. त्यानुसार १९७४ सालच्या आरंभीच्या पद्मिनी २०२४ मध्ये या मानाला पात्र झाल्या. नियमात आणखी एक अट आहे: गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या टॅक्सीने पेट्रोलचे डिझेल केले, डिझेलचा सीएनजी केला, दर दोन-तीन पावसाळ्यांनी तळाला नवा पत्रा लावून घेतला, ती या अटीत बसत नाही.